सोन्याच्या डबीतली खापरं

या वेळी तीन पत्रं एकाच जागेबद्दल आली आहेत, म्हणून तिन्ही एकत्र घेते.

प्रश्न : बाई, नमस्कार. माझी मुलगी सातवीत आहे. ‘आपल्या जवळचं प्राचीन ठिकाण’ असा प्रकल्प शाळेनं दिला, म्हणून जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही दोघी नालासोपाऱ्याचा स्तूप पाहायला गेलो. विरार लोकलनं उतरलो, पश्चिमेला रिक्षा केली. आत विटांचं एक टेकाड, त्यावर वाळकं गवत, कडेला प्लास्टिकच्या बाटल्या आणि सुकलेले हार, काही विटांवर पोरांनी कोरलेली नावं. भिंतीपलीकडे लगेच घरं, वाळत घातलेले कपडे. दहा मिनिटांत पाहून झालं आणि मन खट्टू झालं. परत येताना बाहेरच्या गल्लीत एका बांधकामाचा पाया खणलेला होता. त्या मातीच्या ढिगातून मुलीनं एक लाल खापर उचललं. सासरे म्हणतात, “कुणाच्या तरी कुंडीचा तुकडा असेल, टाकून दे.” ती ऐकत नाही. फोटो पाठवते आहे. हे जुनं असेल का? आणि तिथं पाहण्यासारखं खरंच काही उरलंय, की आम्हालाच दिसलं नाही?
– एक आई, कांदिवली

उत्तर : सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा आणि म्हणावं, तुकडा टाकू नका. त्या टेकाडाच्या पोटात सगळ्यांत आत, सगळ्यांत जपून ठेवलेली वस्तू खापरच होती.

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते टेकाड खणलं. मूळचे जुनागढचे. मुंबईत आले ते डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याबरोबर काम करायला, आणि वाळकेश्वरला राहत होते. तेव्हा गावकरी त्या टेकाडाला ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणायचे. स्तूप वगैरे शब्द कुणाच्या तोंडी नव्हता. मध्यापर्यंत खणत गेल्यावर विटांची लहानशी कोठी लागली आणि तिच्यात दगडाचा मोठा गोल करंडा. झाकण उचललं तर मधोमध तांब्याची डबी, तिच्याभोवती रिंगण करून बसवलेल्या आठ छोट्या कांस्यमूर्ती. सात बुद्ध आणि आठवा पुढे यायचा असलेला मैत्रेय. तांब्याच्या डबीत चांदीची डबी, चांदीच्या आत दगडाची, तिच्या आत स्फटिकाची, आणि स्फटिकाच्या आत सोन्याची. सोन्याच्या डबीत काय होतं? मातीच्या भांड्याचे चिमुकले तुकडे. बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून कुणीतरी ते श्रद्धेनं पाच डब्यांच्या आत ठेवले होते. तुमच्या मुलीला ही गोष्ट जशीच्या तशी सांगा.

त्याच करंड्यात गौतमीपुत्र यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणंही निघालं, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातलं. मूर्ती मात्र आठव्या-नवव्या शतकातल्या घडणीच्या. याचा अर्थ असा, की शेकडो वर्षांनी कुणीतरी तो करंडा उघडला, आपल्या काळच्या मूर्ती भक्तीनं आत बसवल्या आणि झाकण परत लावलं. या जागेची काळजी घेणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या होती. आपल्याला आज ती जागा बेवारस दिसते, पण ती कायम तशी नव्हती.

आता नावाकडे बघा. सोपाऱ्याचं जुनं नाव शूर्पारक. शूर्प म्हणजे आपलं घरातलं सूप. आणि सुपं कोण विणतं? बुरूड. संस्कृत नाव गावातल्या कुणाला ठाऊक नसेल, पण सुपाची आठवण त्या ‘बुरूड राजा’त शिल्लक राहिली असावी, असं मला मनापासून वाटतं. बंदर गाळानं भरलं, राजे गेले, स्तूप मातीखाली गेला, आणि तरी लोकांनी नाव सोडलं नाही.

दहा मिनिटांत पाहून झालं असं तुम्ही लिहिता. त्यात तुमची चूक नाही, कारण तिथं काय पाहायचं ते कुणी सांगत नाही. पुढच्या वेळी डावीकडून सुरुवात करून टेकाडाला उजवी घाला आणि विटांकडे बघा. आजच्या विटेपेक्षा आकारानं मोठ्या. तुटलेल्या कडेजवळ डोळे नेलेत, तर तांदळाच्या दाण्याएवढी पोकळ छिद्रं दिसू शकतील. विटेच्या मातीत भाताचं तूस मिसळलं, की भट्टीत ते जळून जातं आणि त्याचा ठसा उरतो. मुलीला विचारा, वसईकडे भात पिकतो हे विटेनं कसं सांगितलं?

मग कुंपणाबाहेर या. मला सगळ्यांत जास्त जे सांगायचंय ते इथं आहे. स्तूप केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, त्याला भिंत आहे, फाटक आहे. पण स्तूप म्हणजे सोपारा नव्हे. सोपारा हे शहर होतं. पहिल्या शतकातल्या ग्रीक भाषेतल्या ‘पेरिप्लस’ या सागरी व्यापाराच्या पुस्तकात कल्याणबरोबर या बंदराचं नाव येतं. नाशिकच्या लेण्यातल्या लेखात नहपान राजाचा जावई उषवदात सांगतो, की भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शोर्पारग म्हणजे आपलं सोपारा या ठिकाणी त्यानं वाटसरूंसाठी चौसोपी धर्मशाळा बांधल्या. कार्ल्याच्या चैत्यात एका खांबावर सोपारकाच्या सातिमित नावाच्या धर्मोपदेशकाचं दान कोरलेलं आहे. इतका राबता असलेलं शहर एका टेकाडात मावेल का? ते आजूबाजूच्या तलावांकाठी, वाड्यांखाली, रस्त्यांखाली पसरलेलं आहे. १९९३ साली पुरातत्त्व खात्यानं भातेला तलावाजवळ पुन्हा शोध घेतला, तेव्हा घडीव दगडांची भिंत, भाजलेल्या मातीची कडी एकावर एक रचून केलेल्या विहिरी, काळ्या चकचकीत भांड्यांची खापरं, काचेचे मणी आणि रोमन दारूच्या दोन कानांच्या रांजणांचे तुकडे मिळाले. त्याच तलावापाशी १८८२ मध्ये सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला होता. नवव्या लेखाचा तुकडा मिळाला थेट १९५६ मध्ये, भुईगावात. मधे चौऱ्याहत्तर वर्षं गेली! अशोकाचे हे लेख एकूण चौदा. बाकीचे इथं कोरले गेले असतील, तर ते कुणाच्या ओट्याखाली, कुणाच्या बावखलाच्या, म्हणजे वाडीतल्या तळ्याच्या, काठाला असू शकतात.

म्हणून मला त्या बाटल्यांचं आणि कोरलेल्या नावांचं दुःख होतं, पण तुम्ही पाहिलेल्या पायाच्या खड्ड्याचं त्याहून जास्त होतं. बाटल्या एका सकाळी उचलता येतात. प्राचीन वस्तीची माती थरांची असते, खाली जुनी, वर नवी. चुलीची राख, फुटकी भांडी, पडलेल्या भिंतीची माती, पुन्हा वस्ती, पुन्हा राख. पोकलेननं एका दुपारी दहा फूट खणलं, की एक हजार वर्षांचा क्रम ढिगात उलटापालटा होतो. तो डंपरनं दुसऱ्याच्या भरावाला जातो. त्यानंतर कितीही मोठा विद्वान आणला, तरी तो क्रम परत लावता येत नाही.

इथं मला माझी एक चूक सांगायची आहे. १९७९ मध्ये एम.ए.ला असताना सरांनी आम्हा सात जणांना सोपाऱ्याला नेलं. स्टेशनपासून चालत गेलो. दोन्ही बाजूंना केळीच्या वाड्या, पाटाचं पाणी, अबोलीचे ताटवे. तलावाच्या वाटेवर रस्त्यासाठी टाकलेल्या भरावात मला एक अर्धी वीट दिसली. जड, विटकरीपेक्षा पिवळसर रंगाची, आणि एका अंगाला ओल्या मातीवर ओढलेल्या तीन बोटांच्या रेघा. करंगळीकडची रेघ उथळ, मधली खोल. कुणा कामगारानं साच्यातून काढताना हात फिरवला असेल. मी ती शबनममध्ये घातली आणि परळला घरी आणली. किती वर्षं ती माझ्या टेबलावर कागद दाबायला होती. आल्या-गेल्याला मी कौतुकानं दाखवायची. नोकरीतून निवृत्त झाल्यावर ती एका अभ्यासकाकडे घेऊन गेले. त्यांनी ती उलटीसुलटी केली आणि एकच प्रश्न विचारला, “नक्की कुठली?” मला सांगता आलं नाही. भातेला तलावाच्या वाटेवर, एवढंच. उत्तरेला की दक्षिणेला, किती खोलीवरून, बरोबर दुसरं काय पडलं होतं, काही नोंदलं नव्हतं. गेल्या डिसेंबरात मी ती वाट शोधायला गेले. जिथं भराव होता असं मला वाटतं, तिथं आता चार मजली इमारत आहे आणि खाली शिकवणीच्या वर्गाची पाटी. ती वीट मी तिथंच राहू दिली असती, किंवा निदान एका कागदावर चार ओळी लिहिल्या असत्या, तर ती आज काहीतरी सांगू शकली असती. आज ती नुसती वीट आहे. ही गोष्ट मला अजून बोचते.

तुमच्या मुलीच्या हातून तसं होऊ नये. खापराचं वय फोटोवरून कुणी ठामपणे सांगितलं, तर त्यावर विश्वास ठेवू नका. पण ते वाचता येतं. आतल्या बाजूला समांतर बारीक रेघा दिसताहेत, म्हणजे भांडं चाकावर फिरवलेलं आहे. तुटलेल्या कडेला बाहेर लाल आणि मधे काळपट पट्टा आहे, म्हणजे भट्टीची आच आतपर्यंत पोचली नव्हती. कड बाहेर वळलेली असेल, तर तो भांड्याचा काठ. तिला कंपासनं त्या काठाची गोलाई कागदावर पुरी करायला सांगा, भांड्याचं तोंड केवढं होतं ते कळेल. आणि आजच, विसरायच्या आत, तिच्या वहीत लिहून घ्या. तारीख, गल्ली, स्तूपाच्या कुठल्या दिशेला, किती पावलांवर, ढिगाच्या वर होतं की तळाशी, शेजारी विटा होत्या का, राख होती का. मोबाइलवर काढलेल्या फोटोत जागेची नोंद असते, तोही जपा. मग तुकडा आणि त्या नोंदीची प्रत पुरातत्त्व खात्याच्या मुंबईतल्या कार्यालयात नेऊन दाखवा आणि पोच मागा. यापुढे मात्र तिनं काही उचलू नये. शेजारी पट्टी ठेवून फोटो काढावा, नोंद करावी, वस्तू जागेवर ठेवावी. संरक्षित आवाराच्या आतून तर खडाही नाही. नाणी, दागिने, हंडा असं काही जमिनीतून निघालं, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, हेही तिला सांगून ठेवा.

तो प्रकल्प शाळेत देऊन झाला, की त्याची एक प्रत मला पाठवा. मला वाचायचा आहे.

प्रश्न : आम्ही स्तूपाच्या मागच्या अंगाला चाळीत राहतो. चाळ १९८८ ची. आम्ही १९९८ मध्ये गावची जमीन विकून खोली घेतली. तेव्हा कुणी सांगितलं नाही, की इथं बांधकामाला बंदी आहे. आता पत्रे गळतात, भिंतीला ओल आहे. दुरुस्ती काढली की लोक म्हणतात, तुम्ही अतिक्रमणवाले, प्राचीन वारसा खाल्लात. पाहुणे येतात, फोटो काढतात, आमच्या दोऱ्यांवरच्या कपड्यांकडे बघून नाकं मुरडतात. आम्ही काय चोरी केली?
– एक रहिवासी, नालासोपारा (प.)

उत्तर : दादा, तुम्ही चोरी केलेली नाही. मुंबईत ज्याला घर परवडत नाही, तो विरारच्या गाडीत बसतो, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. तुम्हाला खोली विकताना ज्यानं ही गोष्ट दडवली, दोष त्याचा आहे. वाळत घातलेल्या कपड्यांनी स्तूपाचं काही बिघडत नाही.

कायदा काय आहे ते मात्र नीट समजून घ्या, कारण अर्धवट माहितीवर दोन्ही बाजूंनी भांडणं होतात. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही, आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी घेऊनच करता येतं. हे अंतर टेकाडाच्या मध्यापासून मोजायचं नसतं, ते संरक्षित आवाराच्या हद्दीपासून मोजतात. आता तुमच्या कामाचं. १०० मीटरच्या आत असलेली इमारत १६ जून १९९२ च्या आधीची असेल, तर तिच्या दुरुस्तीसाठी मालकाला सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तुमची चाळ १९८८ ची आहे. तेव्हाचा घरपट्टीचा कागद, वीजबिल, काही तरी शोधून काढा आणि रीतसर अर्ज करा. परवानगी हातात येईपर्यंत काम काढू नका आणि पत्र्याऐवजी स्लॅबचा मजला चढवायचा विचार तर अजिबात नको. गटारांची कामं, सार्वजनिक संडास, पिण्याच्या पाण्याची व्यवस्था, वीजपुरवठा यांना कायद्यानं ‘बांधकाम’ धरलेलं नाही. तेव्हा “स्तूपामुळे तुमचं गटार होत नाही” असं कुणी सांगितलं, तर लेखी मागा.

माझं एक मागणं आहे, हक्कानं मागते. तुमच्याइतकं त्या टेकाडाजवळ कुणी राहत नाही. आम्ही वर्षातून एकदा येणार, तुम्हाला रोज खिडकीतून दिसतं. रात्री माती कोण टाकतं, कुठल्या प्लॉटवर पोकलेन आलं, कुठं पाया खणताना मोठ्या विटा किंवा मातीची कडी लागली, हे आधी तुम्हाला कळतं. अशा वेळी तारीख-वार टाकून फोटो काढा आणि पुरातत्त्व खात्याला, महापालिकेला लेखी कळवा, प्रत स्वतःजवळ ठेवा. एकट्यानं नको, चाळीतल्या दहा जणांच्या सह्या घ्या. बुद्धपौर्णिमेला तिथं उपासक येतात, त्यांच्यातल्या जाणत्या मंडळींनाही बरोबर घ्या. त्यांच्यासाठी ते वंदनेचं ठिकाण आहे.

आणि चाळीत कुणी म्हातारं, मूळचं सोपाऱ्याचं माणूस असेल, तर त्यांना ‘कोटा’च्या गोष्टी विचारा. कुठल्या शेतात नांगराला विटा लागायच्या, कुठल्या बावखलात मूर्ती होती, कुठला तलाव कधी बुजवला. ते सगळं लिहून मला पाठवा. पोस्टकार्डावर चालेल.

प्रश्न : नालासोपाऱ्याच्या स्तूपातला तो करंडा आता कुठे आहे? गुडघ्यांमुळे मला तिकडे जाणं जमणार नाही.
– एक ज्येष्ठ वाचक, गिरगाव

उत्तर : तुमच्या घरापासून फार लांब नाही. करंडा आणि त्यातल्या वस्तू फोर्टमध्ये, टाऊन हॉलच्या इमारतीत एशियाटिक सोसायटीकडे आहेत. त्या रोज मांडलेल्या नसतात, म्हणून आधी विचारून जा. समोरच्या पायऱ्या मात्र बऱ्याच आहेत, गुडघ्यांचं सांगून बरोबर कुणाला तरी न्या.

तेवढं चढणं होणार नसेल, तर काळा घोड्याजवळच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जा. भातेला तलावाजवळ सापडलेला अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा तिथं आहे. फार मोठा नाही, फुटका आहे, ओळी अर्ध्याच राहिल्यात. अक्षरं ब्राह्मी, सरळ साध्या रेषांची. त्या लेखात अशोक सांगतो, की पूर्वीचे राजे मौजेच्या यात्रांना जात, शिकार करत. आपण राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर संबोधीला, म्हणजे बोधगयेला, गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या. त्या यात्रांत काय करायचं तेही त्यानं दिलंय. श्रमण-ब्राह्मणांना भेटायचं, वृद्धांना भेटून द्रव्य द्यायचं, खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटायचं, धम्म सांगायचा आणि धम्माबद्दल विचारपूस करायची. या शेवटच्या गोष्टीला त्याचा शब्द आहे ‘धम्मपरिपुच्छा’.

दगडासमोर बाक नसेल, तर तिथल्या माणसाकडे खुर्ची मागून घ्या.